आखणी

मोजणीवाल्या ताईंच्या मावशीचं घर नदीकाठी. दर पुरात नदी काठाचा लचका तोडायची, म्हणून तिथे सिमेंटची भिंत घालायचं ठरलं. आखणीच्या दिवशी लोखंडी खुंट्या ऑफिसातच राहिल्या, तेव्हा ताईंनी काठावरच्याच झाडाच्या ओल्या फांद्या तोडून ओळीनं ठोकल्या आणि वेळ मारून नेली.

पण भिंतीचं घोडं मंजुरीपाशी अडलं ते अडलंच. पूर आला की मावशीचा फोन ठरलेला. "अगं, भिंत येतेय, का मी होडीतच संसार मांडू?" पुढे पुढे तिचे फोनही बंद झाले. मावशी रुसली, असं ताईंना वाटलं.

कैक पावसाळ्यांनी मंजुरी आली आणि साहेब ताईंना घेऊन काठावर पोचले. मावशी परसात मजेत कपडे वाळत घालत होती. काठ तसूभर हलला नव्हता, वर पाखरांनी नुसता कल्ला मांडला होता. साहेब एका झाडाला टेकले, घाम पुसला आणि तडकले, "एक खुंटी जागेवर नाही. आता भिंत सुरू कुठून करायची?"



"साहेब, तुम्ही जिला टेकून उभे आहात ना," ताई हसू दाबत म्हणाल्या, "ती पहिली खुंटी."