बाबांचा अर्धा चहा

"आई, तिथे बशीत चहा ओतायचा नाही हं," मी गाडीतच बजावलं होतं.

लग्नानंतर महाबळेश्वरला आलेल्या आईबाबांनी हे इंग्रजांच्या काळचं हॉटेल फाटकाबाहेरूनच पाहिलं होतं. बाबा गेल्यावर मी आईला गाडीने फिरायला काढलं आणि मुद्दाम इथे थांबले. गाइडने झुंबरं दाखवली, नाचाचा हॉल दाखवला. आई एवढंच म्हणाली, "ह्यांनी बघायला हवं होतं."

शेवटी व्हरांड्यात चहा आला. आईने सवयीने बाबांचा अर्धा वाटा बशीत ओतला आणि बशी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवली. मग भानावर आली. "चुकलंच बाई," म्हणत बशी मागे ओढू लागली.

मी उठून त्या खुर्चीत बसले, बशी दोन्ही हातांनी उचलली आणि बाबांसारखाच, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा भुरका मारला.