तेलाची वाटी

सम्यकचे पाय जन्मापासून ताठ. ते मोकळे व्हावेत म्हणून यमुनाआजी रोज सकाळी त्याला मांडीवर घ्यायची आणि कोमट तेलानं पाय ताणून ताणून चोळायची. पोराला बोलता येत नव्हतं. तो किंचाळायचा आणि तिचा पदर मुठीत आवळायचा. आजी शेजारणींना कौतुकानं सांगायची, "रडते, पण माहा पदर सोडत नाही. लय जीव हाये त्याचा माह्यावर."

यवतमाळच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. खुब्याचं हाड जागेवरून निसटलं होतं.

"मालिशनं सरकलं का जी?" आजीनं विचारलं.

"नाही आजी, सेरेब्रल पाल्सीत असं होतं. पण पाय ताणला की फार दुखत असेल त्याला."

ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं. सम्यक न रडता खुर्चीत बसू लागला.

एका सकाळी आजी तेलाची वाटी घेऊन त्याच्याजवळ आली. "पायाले नाही बापू, डोक्याले," ती हळूच म्हणाली.

वाटी पाहताच सम्यकनं डोळे गच्च मिटले आणि तिचा पदर मुठीत आवळला.

आजीनं अजून हातही लावला नव्हता.