सुबिकची मेलेली गाडी

“उचल ते पुडकं,” आलिंग पासिता कडाडली. “नाहीतर बाहेर भिरकावीन!”

तिच्या लेकाने, नार्दोने, एका हाताने स्टिअरिंग सांभाळत भाताचं पुडकं उचललं आणि मांडीवर घेतलं. मायलेकांच्या मधे एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा होती. सकाळी सुबिकच्या बंदरातून निघाल्यापासून म्हातारीने तिथे काडी ठेवू दिली नव्हती. फाटकावरचा पहारेकरी ‘पुढच्या नाक्यावर सोडा’ म्हणाला, तर त्यालाही तिने मागे पिटाळलं होतं.

“नानाय, रिकाम्या जागेचं काय लोणचं घालायचंय?” नार्दोने आईला विचारलं.

“तू पुढे बघ. दोर ढिला पडतोय.”

गाडी लष्करी होती. दहा टायरांची, हत्तीएवढी. कोरियाच्या फौजेने मोडीत काढलेली, जहाजातून उतरलेली. इंजिन ठार मेलेलं. ते नार्दो घरी अंगणात खोलणार होता. आत्ता पुढे भाड्याचा डंपर होता आणि मधे बंदरावरचा जाडजूड दोर. या लोखंडासाठी पासिताने म्हशींची जोडी विकली होती आणि एरवी मान देऊन ‘आलिंग’ म्हणणाऱ्या गावाने तिला वेड्यात काढलं होतं. गावाला ती वाटेल ते ऐकवून आली होती.

नदीकाठी डंपर थांबला. “आजी, इथवरच,” ड्रायव्हर म्हणाला. “ही नदी माझा डंपर गिळेल.”

खोटं नव्हतं ते. ज्वालामुखीचा डोंगर फुटला त्या साली राखेने नदी बुजली, पूल गेला. तेव्हापासून पात्र रोज कूस बदलतं. त्यातून आरपार जाणारी गाडी एकच, दोमेंगची. तीही अशीच लष्करी. पलीकडच्या, पासिताच्या गावाचा बाजार, दवाखाना, सगळं अलीकडच्या काठाला. तिथे यायचं तर दोमेंगच्या गाडीतून, आणि दोमेंगचा नियम एकच. गाडी भरल्याशिवाय चाक हलायचं नाही.

पासिताची लेक लुमिंग गेल्या साली त्याच गाडीत बसली होती, पोटात कळा घेऊन. सगळी वाट बघत होती. आत्ता येईल कोणीतरी, आत्ता भरेल. तशी सवयच होती सगळ्यांना. पासितासुद्धा वाट बघत बसली. गाडी भरली तोवर लुमिंग पोटातल्या बाळासकट गेली होती. किती जागा भरायच्या राहिल्या होत्या, हे पुन्हा कोणी तोंडातून काढलं नाही.

दोमेंग आपल्या गाडीच्या बंपरवर बसून ऊस सोलत होता. लुमिंगच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर घेऊन उभा राहिलेला धर्मबाप हाच. त्या नात्याने तो पासिताला कुमारे म्हणायचा आणि ती त्याला कुम्पारे.

“काय गं कुमारे, मढं आणलंस की काय?” तो हसला. “आणि खांदा द्यायला मी?”

“खांदा द्यायची तुला सवयच आहे, कुम्पारे. दोर बांध.”

दोमेंगचं हसू मावळलं. एवढ्या लोकांसमोर लुमिंगच्या धर्मबापाला तिच्या आईला नाही म्हणता येईना. त्याने दोर आपल्या गाडीला बांधला, आणि पुन्हा बंपरवर जाऊन बसला.

“ओढतो की. पण आधी माझी गाडी भरू दे.”

त्याच्या गाडीत मासळीवाल्या होत्या, डुक्कर बांधून आणलेला एक बाप्या होता, शाळेची बाई होती. निम्मी गाडी रिकामी. ऊन डोक्यावर आलं. शेवटी पासिताने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

“ए, उतरा तिथून! माझ्या गाडीत या. आज भाडं नाही!”

“अहो आलिंग, तुमच्या गाडीला इंजिन नाही!”

“त्याच्या गाडीला काळीज नाही, तरी बसलात ना?”

मासळीवाल्या खिदळल्या. आधी एक उतरली, मग टोपल्यांसकट सगळ्या. डुकराला शेपटी धरून वर चढवलं. रस्त्याने नवीन येणारे तर दोमेंगकडे न बघताच मागच्या गाडीत घुसले. एक जाडजूड मासळीवाली पुढचं दार उघडून आत शिरू लागली.

“इथे नाही. मागे.”

“अगं, जागा आहे की!”

“मागे म्हटलं ना! बहिरी आहेस?”

दोमेंगची गाडी पार ओस पडली. तो ऊस फेकून धावत आला. “कुमारे, हा काय चावटपणा?”

“भरली की निघायचं, तुझाच ना नियम? ही बघ, भरली. चल!”

“चल, चल!” मागून गलका झाला. डुक्करही किंचाळलं. लोकांनी फळ्यांवर थापा मारायला सुरुवात केली. दोमेंग दातओठ खात गेला आणि त्याने इंजिन चालू केलं. मग दोराची गाठ बघायला म्हणून परत आला, पासिताच्या पायरीवर चढला आणि आत डोकावला. मायलेकांच्या मधली जागा त्याला दिसली. त्याचा चेहरा उजळला.

“ओढतो मी. पण भरली भरली म्हणून टेंभा मिरवू नकोस. ही बघ, एक जागा रिकामी आहे.”

पासिताने त्या जागेवरची धूळ तळहाताने पुसली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला नाही.

“त्या दिवशीही एकच होती, दोमेंग.”