तळाचा शिक्का

बर्स्लेम हे कुंभारकामाचं गाव. तिथली माणसं भांडं हाती आलं की आधी पालथं करून तळाचा, कारखान्याच्या नावाचा शिक्का बघतात. क्लिफर्ड तर चहाला गेलेल्या घरची बशीही सोडत नसे. आणि त्यालाच त्याचा दोस्त विल्फ वर्षानुवर्षं छळत आला होता. विल्फच्या कपाटावर चिनीमातीचा एक जुना जग होता, जाड नाकाच्या खलाशाच्या तोंडाचा, मुठीच्या जागी पोपट असलेला. पण विल्फ त्याला बोट लावू देईल तर शपथ!

"अरे, एकदा शिक्का तरी बघू दे की!" क्लिफर्ड कावायचा.

"नकली वाटतो ना तुला? मग बस असाच जळत. मी मेल्यावर बघ."

विल्फ खरंच गेला. दहन आटोपल्यावर काही दिवसांनी त्याच्या बायकोनं, एनिडनं, क्लिफर्डला बोलावून घेतलं.

"जग तुलाच द्यायचा, असं बजावून गेलाय तो. बस, चहा टाकते, मग नीट सांगते सगळं."

ती आत वळली मात्र, क्लिफर्डनं कपाटावरचा जग उचलला. "लबाडा, किती तंगवलंस रे मला!" असं पुटपुटत त्यानं तो गर्रकन पालथा केला. शिक्का अस्सल होता.



चहाचा ट्रे घेऊन आलेली एनिड दारातच किंचाळली, "अरे मेल्या, सगळा विल्फ सांडलास की गालिच्यावर!"