मोहरीएवढी जाळी

“तीनदा सांगितलं, चहा गार होतोय म्हणून. शेवटी दोन्ही कप मीच प्यायले,” आजी पुटपुटल्या.

त्यांना खेटून बसलेल्या आजोबांपर्यंत ते पोचलं नाही. पोचलं ते टेबलापलीकडच्या ताईंपर्यंत. कानाच्या मशीनच्या दुकानात बारा वर्षं काढली की लोकांचं पुटपुटणं ऐकायची सवयच लागते.

आजोबांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. दोनदा सेल बदलून झाले होते. तरी महिनाभर घरात नुसता आरडाओरडा चालला होता.

“लेक म्हणतो, जुनं झालं,” आजी म्हणाल्या. “नवीनच घ्यावं लागेल ना?”

आजोबा भिंतीवरचं कानाचं चित्र बघत बसले. मशीनचं काय घेऊन बसलात, कानच संपले असतील, हे घरात कुणाच्या मनात आलं नव्हतं असं नाही. ओठावर तेवढं कुणी येऊ दिलं नव्हतं.

दुकानाची रीत साधी होती. जुनं मशीन तपासायच्या आधी नवं गिऱ्हाइकाच्या कानात घालायचं. “एकदा कानात बसलं की काढवत नाही,” असं मालक सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. आताही ते आपल्या केबिनच्या काचेपलीकडून बघत होते. ताईंच्या हातून या महिन्यात एकही नवं मशीन गेलं नव्हतं. त्यांचा हात नव्या मशीनच्या खणाच्या मुठीवर होता. आजींनी तर आपण होऊनच विचारलं होतं. नुसती मान हलवायची होती.

ताईंनी मूठ सोडली आणि भिंग उचललं.

मशीनच्या टोकाला आवाज बाहेर यायची जाळी असते, मोहरीच्या दाण्याएवढी. ती पांढरीफटक झाली होती.

“आजी, याला काही लावता का हो?”

“पावडर. रोज रात्री पुसते, पावडर लावते, मग डबीत ठेवते. घाम लागतो ना त्याला. उगाच कुणी म्हणायला नको, हिचं लक्ष नसतं म्हणून.”

ताईंना हसू फुटलं, ते त्यांनी भिंगाआड दडवलं. जुनी जाळी काढून नवी बसवायला एक शिंक येऊन जावी एवढाच वेळ लागला.

“बाळाला लावावी तशी लावलीत की,” त्या म्हणाल्या. “जाळी बुजली होती, बाकी मशीन ठणठणीत आहे. नवीन लागत नाही तुम्हाला.”

काचेपलीकडे मालकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

आजोबांनी मशीन कानात घातलं. आधी त्यांनी वर, घरघरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. मग बाहेर कुणीतरी शटर ओढलं, तिकडे मान वळवली. मग खुर्चीत नीट टेकून बसले.

आजी उठून त्यांच्या मागे गेल्या, खुंटीवरची पिशवी घ्यायला. पिशवी हातात आली, तरी तिथंच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग अगदी हळू बोलल्या. महिनाभर हे बोलायचं राहून गेलं होतं, कारण असलं काही ओरडून सांगता येत नाही.

“मी घाबरले होते हो.”

आजोबा वळले नाहीत.

“मीपण,” ते म्हणाले.