अळंबीची जागा

"रानात शिरलो की तोंड बंद. बोललं की अळंबी परत जिमिनीत जाती," असं बजावून मनकर्णाबाई धुक्यात शिरली.

विशाखा आईच्या मागं निघाली. भावजयीचा, मोनिकाचा, निळा रेनकोट तिनं टोपीसकट अंगात अडकवला होता. कन्नडच्या घाटात श्रावणातलं धुकं असं उतरलं होतं, की दोन हातांवरचा साग दिसेना. आपण चालतोय की तरंगतोय, तेच तिला कळेना.

अळंबीची जागा त्यांच्या घरात फक्त सुनेला दाखवत. लेकीला नाही. लेक सासरी जाऊन सांगते, मग घरच्यांनी काय माती खायची? लहानपणी विशाखानं रडून आभाळ डोक्यावर घेतलं, तरी आई बधली नव्हती. आता तर विशाखा संभाजीनगरचं नवऱ्याचं घर कायमचं सोडून आली होती. चार महिने झाले. कुणी 'जा' म्हणालं नाही. पण 'राहा' असंही कुणाच्या तोंडून निघालं नाही. त्यात आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळी तिनं 'चल गं' म्हणून हाक मारली, ती निळा कोट बघून मोनिकालाच मारली असणार. म्हणजे ही चोरीच की!

एका वारुळापाशी आई बसली. भोवती पांढऱ्या छत्र्याच छत्र्या. बोटांनी चाचपत तिनं दोन उकरल्या आणि विशाखाच्या हातावर ठेवल्या.

"आता बोल. खायची कोणती?"

दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या. विशाखानं त्या उलटसुलट करून बघितल्या.

"वरून सारख्याच गं. हिचं मूळ बघ, लांबच्या लांब, पार वारुळात गेलेलं. ही अळंबी. अन् हिच्या गळ्यात कडं, बुडाला मूळच नाय. ही कुत्र्याची छत्री. खाल्ली की दवाखाना. जरा शंका आली की टाकून द्यायची."

विशाखाला राहवेना.

"आई, चुकलीस तू. मी मोनिका नाय. विशाखा हाय मी."

मनकर्णाबाई खुदकन हसली. लेकीची टोपी तिनं मागं सारली.

"अगं येडे, आंधळ्या बोटांनी अळंबी वळखते मी. पोटची लेक नाय वळखणार व्हय? जागा नीट ध्यानात ठेव. पुढल्या साली तुलाच यायचंय हितं."