ट्यूबलाइटची घूंघूं

"मॅडम, ही ट्यूबलाइट बंद करता का? तिची घूंघूं माझ्या डोक्यात शिरते. मी ऑटिस्टिक आहे, फॉर्ममध्ये लिहिलंय."

समुपदेशक मॅडमनी पेन उघडलं. "ही घूंघूं तुम्हाला लहानपणीच्या कशाची आठवण करून देते?"

"कशाचीच नाही. चोक खराब झालाय."

"तुम्ही विषय टाळताय." मग सलग पाच मंगळवार आम्ही त्या घूंघूंचा अर्थ शोधत बसलो. मी आले होते आई गेल्याचं सांगायला. ते राहूनच गेलं.

सहाव्या मंगळवारी भर दुपारी लाइट गेले. खोली एकदम शांत झाली. खिडकीतल्या उजेडात मी पहिल्यांदाच आईबद्दल बोलले, रडलेसुद्धा.

लाइट आले. घूंघूं सुरू झाली. मी हात जोडले, "आता तरी बंद करा!"

मॅडमनी वहीचं नवीन पान उघडलं. "अंधाराची ही ओढ कधीपासून आहे?"